तारेखालचा पट्टा : मोहोराच्या दिवसांत आंबा-काजू बागायतदारांसाठी सल्ला

नोव्हेंबर सरता सरता कोकणात दोन गोष्टी एकदमच होतात. कातळावरचे आणि बागेतले गवत वाळून खडखडीत होते, आणि हापूसच्या शेंड्यांतले डोळे फुगू लागतात. बागायतदाराचे सगळे लक्ष साहजिकच शेंड्याकडे लागलेले असते, आणि त्याच वेळी बागेवरून गेलेल्या वीजवाहिनीखालचे गवत गुडघाभर उभे असते. राजापूर, लांजा, देवगड या भागांत गेली अनेक वर्षे फिरताना मी तुडतुड्याने गेलेला मोहोर पाहिला आहे आणि अवकाळी पावसाने गेलेलाही. पण तारेखालचा पट्टा साफ न केल्यामुळे ऐन फेब्रुवारीत वणव्यात होरपळलेली पंचवीस वर्षांची कलमे पाहिली, तेव्हा बोलायला शब्द सुचला नव्हता. गेलेला मोहोर पुढच्या वर्षी येतो, जळालेले खोड येत नाही. म्हणून या महिन्याच्या सल्ल्यात फवारणी मागे ठेवून पट्ट्याविषयी आधी लिहितो आहे.

हा पट्टा साफ करण्याची घाई आताच का, याचे कारण किनाऱ्याच्या हवेत आहे. पावसाळ्यात वीजखांबांवरचे चिनी मातीचे चिमणे (तार खांबापासून अलग ठेवणारे इन्सुलेटर) धुऊन निघतात. पाऊस थांबला की खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ आणि रस्त्याची धूळ त्यांच्यावर बसू लागते. मीठ कोरडे असेपर्यंत फारसे बिघडत नाही, परंतु मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे दव पडले की तोच थर ओला होऊन त्यातून वीज झिरपू लागते. अशा पहाटे खांबाखाली उभे राहिल्यास चर्र-चर्र असा आवाज ऐकू येतो आणि अंधार असेल तर निळसर ठिणगीही दिसते. हा आवाज रोज ऐकू येऊ लागला आणि वर फांदी तारेला टेकत असेल, तर त्या खांबाखाली पंधरवड्यात काहीतरी घडणार, असा माझा अंदाज असतो. हे कोणत्याही पुस्तकात नाही, पण पुष्कळदा खरे ठरले आहे.

दुर्दैवाने बागायतदार ज्या गोष्टीला घाबरतो ती दुसरीच असते. ‘टॉवर लाईनच्या लहरींनी मोहोर गळतो’ हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो, आणि त्या भीतीवर धंदा करणारेही आता गावोगाव फिरू लागले आहेत. खोडाला बांधायच्या तांब्याच्या कांड्या, खांबाला चिकटवायचे ‘लहरीरोधक’ स्टिकर, असा माल हजारो रुपयांना विकला जातो. त्यात एक रुपयाही घालू नये. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तिच्याभोवती दोन क्षेत्रे असतात. विद्युत क्षेत्र तारेच्या दाबावर अवलंबून असते, आणि ते झाड, भिंत किंवा पत्रा यांनी बरेच अडते. चुंबकीय क्षेत्र तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते. ते भिंतीनेही अडत नाही आणि कांडीनेही नाही, मात्र अंतर वाढले की झपाट्याने उतरते. त्यापासून दूर राहण्याचा उपाय फुकट आहे, तो विकत घेण्याची गरज नाही.

अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा कोकणातल्या पुष्कळांनी बाहेरून पाहिलेली असते. मुंबईत विजेवर ट्राम चालवण्याचे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये ती मोजणी अलिबागला हलवली गेली. तिथे मोजले जाणारे पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आसपास आहे. ते स्थिर असते आणि विजेचे क्षेत्र सतत दिशा बदलते, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही. विजेच्या क्षेत्रासाठी अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) २०१० मध्ये सर्वसाधारण लोकांकरिता चुंबकीय क्षेत्राची २०० मायक्रोटेस्ला आणि विद्युत क्षेत्राची मीटरला ५ किलोव्होल्ट अशी मर्यादा सांगितली आहे. बागेवरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तारेखाली या मर्यादेच्या जवळपासही आकडा जात नाही.

याचा अर्थ शंकेला जागाच नाही असा नव्हे. सतत ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त सरासरी क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण काही पाहण्यांत अधिक आढळले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व पुरावा पुन्हा तपासला. कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, पण कमी खर्चात टाळता येईल तेवढे टाळावे, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्या बागेत याचा सरळ संबंध राखणीच्या मांगराशी, म्हणजे बागेतल्या खोपीशी येतो. राखणीला आलेले नेपाळी कुटुंब मुलाबाळांसह चार-पाच महिने त्या मांगरात झोपते, आणि झाडे नसलेली मोकळी जागा म्हणून मांगर नेमका टॉवर लाईनखाली बांधलेला असतो. तो यंदा पट्ट्याबाहेर बांधावा. खर्च तेवढाच येतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने ४०० केव्हीच्या तारेखाली रेंगाळू नये आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मग तारेखालच्या कलमाला मोहोर कमी का येतो? माझ्या मते त्याचे उत्तर कोयत्यात आहे. जूनमध्ये जी छाटणी करायची ती राहून जाते, ऑक्टोबरमध्ये फांदी तारेला लागते, आणि लाईनमन येऊन पक्व शेंडे तोडून जातो. त्या जागी थंडीत मोहोराऐवजी पालवी येते. दोष मात्र लहरींना दिला जातो. अतिउच्च दाबाच्या तारेच्या अगदी लगत गेलेल्या पानांची टोके विद्युत विसर्गाने करपतात हे खरे आहे. परंतु पान इतके जवळ गेले असेल तर करपलेले टोक ही तिथली सर्वांत लहान अडचण समजावी.

पट्टा म्हणजे किती? वाहिनीच्या मार्गासाठी सर्वसाधारणपणे ११ केव्हीला ७ मीटर, ३३ केव्हीला १५, १३२ केव्हीला २७, २२० केव्हीला ३५ आणि ४०० केव्हीला ४६ मीटर रुंदी धरली जाते. फांदी आणि तार यांच्यात ११ केव्हीला किमान २.६ मीटर, ३३ केव्हीला २.८, २२० केव्हीला ४.६ आणि ४०० केव्हीला ५.५ मीटर अंतर हवे. हे अंतर फांदी स्थिर असतानाचे नव्हे, तर वाऱ्यात हलतानाचे धरावे, आणि दुपारच्या उन्हात तार खाली झोळ घेते हेही लक्षात ठेवावे. वाहिनीखालचे गवत मुळापासून कापून पूर्ण रुंदीबाहेर न्यावे. तिथेच ढीग करून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांनी न कापलेले बरे. डीपीभोवती (ट्रान्सफॉर्मरभोवती) चारही बाजूंनी तीन मीटर जमीन उघडी ठेवावी. पुढे भाजावळीच्या (शेतजमीन भाजण्याच्या) दिवसांतही तारेखाली कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचा पाला, पेटवू नये, कारण ज्वाळा आणि दाट धूर यांतून उच्च दाबाची वीज जमिनीपर्यंत उडी घेऊ शकते.

तारेच्या जवळची फांदी स्वतः तोडू नये. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि वाहिनी बंद केल्याची खात्री झाल्यावरच झाडाला हात लावावा. माझ्या एका परिचिताने अर्ज तोंडी दिला होता. आग लागल्यानंतर पंचनाम्याच्या वेळी त्याच्याजवळ दाखवायला एक कागदही नव्हता. विजेच्या अपघाताची चौकशी करण्याची तरतूद वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ मध्ये आहे. म्हणून नुकसान झाल्यास तलाठी आणि कृषी सहाय्यक यांच्याबरोबर विद्युत निरीक्षकांनाही त्याच दिवशी कळवावे.

काढणीसाठी झेल्याची (आंबा झेलणाऱ्या जाळीची) काठी घेण्याचेही हेच दिवस आहेत. दुकानदार अ‍ॅल्युमिनियमची सरकती काठी हलकी म्हणून पुढे करतो आणि नको म्हटले की ‘फायबर’ची महागडी काठी दाखवतो. अ‍ॅल्युमिनियम तारेखाली नेणे म्हणजे जीव देणे आहे. फायबरमध्येही काचेचा धागा आणि कार्बनचा धागा असे दोन प्रकार येतात आणि कार्बनमधून वीज वाहते, हे सांगायला दुकानदार बांधलेला नाही. वाळलेला बांबू स्वस्त आणि पुरेसा आहे, पण दवाने भिजलेला किंवा ओला बांबू तारेजवळ तितकाच वाईट. पट्ट्यालगतच्या कलमांची काढणी दव पूर्ण उडाल्यावर करावी, आणि फवारणीची लांब गन तारेच्या दिशेने कधीही वर धरू नये.

कुंपणाविषयी वेगळे सांगतो, कारण ‘लहरी’ हाताला जाणवतात त्या इथे. उच्च दाबाच्या वाहिनीला समांतर गेलेल्या लांब काटेरी तारेत किंवा लाकडी मेढींवरच्या पत्र्यात विद्युत क्षेत्रामुळे दाब निर्माण होतो. एका बागेत गडी कुंपणाला हात लावायला तयार नव्हते. मी बोट टेकवले तेव्हा मुंगी चावल्यासारखे झाले आणि टेस्टरचा दिवा मंद पेटला. तार सगळी सुक्या मेढींवर होती, जमिनीशी तिचा कुठेच संबंध नव्हता. दोन ठिकाणी लोखंडी पाइप पुरून तार त्यांना जोडली आणि मुंग्या थांबल्या. मात्र आधी वायरमनकडून खात्री करून घ्यावी, कारण हाच झटका तुटून कुंपणावर पडलेल्या तारेचाही असू शकतो. सुक्या जांभ्यात अर्थिंग जवळजवळ लागत नाही. पाइप विहिरीच्या किंवा पन्हळीच्या ओलीत न्यावा, कोळसा-मीठ भरावे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे आणि पावसाळ्यानंतर मीठ धुऊन गेलेले असते म्हणून पुन्हा भरावे. त्यासाठी महागड्या पावडरच्या पिशव्या लागतातच असे नाही. पंपाच्या स्टार्टरचे आणि मांगराच्या पत्र्याचे अर्थिंगही याच वेळी तपासावे.

परागीभवनासाठी ठेवलेल्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या टॉवर लाईनखाली ठेवू नयेत. अमेरिकेत ७६५ केव्हीच्या तारेखाली ठेवलेल्या वसाहती खालावल्या होत्या, आणि त्याचे कारण पेटीत निर्माण होणारा सूक्ष्म प्रवाह हे निघाले.

पट्ट्यात हळद, सुरण, अननस, अळू लावावे. नारळ, सुरू, साग आणि नवीन कलमे लावू नयेत.

या महिन्याची नेहमीची कामे :
– आंबा, पालवीवर तुडतुडे : डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, ९ मिली, १० लिटर पाण्यात.
– आंबा, मोहोराचे बोंगे फुटताना : लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के, ६ मिली, १० लिटर पाण्यात.
– काजू, ढेकण्या (टी मॉस्किटो बग) : पालवीवर लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, वरील प्रमाणातच.
– नारळ : गेंड्या भुंगा आकडीने काढणे.
– भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ पेरणे.

विक्रेता तीन औषधे एकत्र करून देईल, ती घेऊ नयेत.

पट्टा साफ करायला जाताना खिशात खडू आणि वही ठेवावी. बागेतल्या प्रत्येक खांबावर रंगवलेला क्रमांक वहीत उतरवून घ्यावा आणि रंग उडाला असेल तिथे तो पुन्हा लिहून देण्याची विनंती करावी. रात्री तार तुटून ठिणग्या पडू लागल्यावर १९१२ वर ‘वरच्या वाडीतला, फणसाजवळचा खांब’ असे सांगून कोणाला काही कळत नाही, आणि वाहिनी बंद होईपर्यंत गवत थांबत नाही.