गाडीचा थर्मोस्टॅट गेलाय का? या चुका टाळा

घाटात गाडी तापली की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "थर्मोस्टॅट काढूनच टाकू साहेब, आपल्याकडे कुठे थंडी असते?" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थर्मोस्टॅटचं काम हवामानाशी नाही, इंजिनाशी आहे. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. कुलंट (इंजिनातून फिरून ते थंड ठेवणारा द्रव) साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की थर्मोस्टॅटच्या आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते.

तो काढला की इंजिन नीट तापत नाही. ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो जास्त इंधन सोडतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. बीएस-६ डिझेल गाडीत तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायलाही अडचण येते. आणखी गंमत म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट (रेडिएटरला न जाता कुलंट परत इंजिनात नेणारी) बंद करत असते. चकतीच नसेल तर कुलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात फिरतं. म्हणजे गाडी तापू नये म्हणून भाग काढला, आणि गाडी उलट जास्त तापायला लागली!

दुसरी चूक म्हणजे फक्त तापमानाचा काटा वर गेला तरच काळजी करणं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर काटा खालीच रेंगाळतो. हायवेला लागलं की तो आणखी उतरतो, ट्रॅफिकमध्ये जरा चढतो, हीटर कोमट हवा टाकतो. स्कॅनर लावला तर बऱ्याचदा पी०१२८ (कुलंट पुरेसं तापत नाही) हा कोड दिसतो. अनेक नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. इंजिन गार असताना लागणारा निळा दिवा पूर्वीपेक्षा फार वेळ राहत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या.

घरच्या घरी तपासायचं तर सकाळी गार इंजिन चालू करा आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारा जाड होज पाइप अधूनमधून चाचपा. फॅन अचानक सुरू होतो, हात आणि ओढणी लांब ठेवा. पाइप आधी गारच राहायला हवा आणि काटा मधोमध आल्यावर पटकन गरम व्हायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकलीय. काटा मधल्या खुणेच्या बराच वर गेला तरी पाइप गार, तर बंद अडकलीय. लगेच इंजिन बंद करा. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे तो पाइप बघा.)

बंद अडकलेला थर्मोस्टॅट घेऊन "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणणाऱ्यांची हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) उडते. काही शे रुपयांचा भाग राहतो बाजूला आणि हेड उतरवायची वेळ येते. गरम रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मोह तर अजिबात नको, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पण गाडी तापली म्हणजे थर्मोस्टॅटच गेला असंही नाही. कुलंटची पातळी, फॅन, वॉटर पंप आणि झाकण आधी बघा. कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर दोष बहुधा गॅसकेटचा.

काढलेल्या थर्मोस्टॅटची खात्री करायची असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत न्या. उकळी आली तरी झडप हलली नाही, किंवा गार पाण्यातच फट दिसली, तर तो बाद.

नवा घेताना त्यावर कोरलेला तापमानाचा आकडा कंपनीने दिलेलाच हवा. सोबत नवी सील टाका आणि छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, तिथूनच अडकलेली हवा निघते. नुसतं नळाचं पाणी भरू नका, त्याच्या गंजानेच झडपा अडकतात. कुलंट भरल्यावर हवा काढायला विसरलात तर काटा पुन्हा चढेल आणि दोष नव्या भागावर जाईल. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी बघा. थोडी उतरलेली असली तर तेवढं कुलंट भरून घ्या.