रेस्क्यू कुत्र्यासोबत राहताना आपण किती बदललो ते कसं बघायचं

आधीच सांगते, कुत्र्याने माझं आयुष्य बदललं वगैरे असलं काही सांगणार नाहीये. चिंगी, म्हणजे मी रेस्क्यूमधून घरी आणलेली कुत्री, मला सुधारायला आली नव्हती, तिला निवांत झोपता येईल असा एक कोपरा हवा होता, बास. पण तिच्यासोबत राहताना मी बदलले हे खरंय आणि ते मला कळलं एका वहीमुळे, म्हणून ती वही कशी ठेवायची तेवढंच सांगते.

कुत्रा घरी आला त्या दिवसापासून सुरू करा, नसेल केली तर आजपासून. रोज लिहायची गरज नाही, काही घडलं की लिहायचं. पान मधोमध दुमडायचं, डावीकडे कुत्र्याने काय केलं ते, आणि उजवीकडे त्याच्या आधीच्या पाच-दहा सेकंदांत आपण काय करत होतो ते. उजवी बाजू लिहायचा कंटाळा येतो, खरं तर लाज वाटते, पण सगळा माल तिथेच असतो.

डावीकडे "हट्टीपणा केला", "नाटकं केली" असं लिहू नका, तो आपला निकाल झाला. दिसलं तेच लिहा. शेपूट पायात घातली, ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, मान तशीच ठेवून डोळे फिरवले नि डोळ्यातला पांढरा भाग दिसला, एरवी झडप घालून घेते तो खाऊ आज घेतला नाही. ही ताणाची लक्षणं असतात, अर्थात जांभई कधीकधी नुसती जांभईच असते, त्यामुळे दोन-तीन खुणा एकत्र दिसतायत का ते बघायचं.

माझ्या वहीत दुसऱ्या आठवड्यात चार वेळा एकच नोंद आहे, "पलंगाखाली गेली, बोलावलं तरी येईना." आणि उजवीकडे चारही वेळा, "फोनवर होते." आता मी काही ओरडत नव्हते हो, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं, मग एकदा बोलताना स्वतःला रेकॉर्ड केलं आणि ऐकून गप्पच झाले. घरच्यांनी हे कितीदा सांगितलं होतं, तेव्हा मी त्यांच्याशीच भांडले होते. पलंगाखालून नुसते दोन पंजे दिसत असले की भांडणार कोणाशी?

पहिले काही महिने मोठे निष्कर्ष काढू नका. 3-3-3 असा एक ढोबळ हिशोब सांगतात, 3 दिवस बावरलेले, 3 आठवडे रुटीन कळायला, 3 महिने घर आपलं वाटायला, पण कोणाकोणाला वर्षही लागतं. मी दुसऱ्याच दिवशी "किती शांत आहे ना" म्हणत सगळ्यांना फोटो पाठवले होते. शांत कसली, भीतीने गोठली होती बिचारी.

गुरगुरण्याची नोंद मात्र चुकवू नका. त्यावर रागावायचं नाही, कारण रागावलं की गुरगुरणं थांबतं पण भीती तशीच राहते आणि मग पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावायची शक्यता वाढते. लांब व्हायचं, आणि नंतर वाटीवरून गुरगुरत असेल तर दुरूनच जाता जाता त्यात आणखी चांगलं काहीतरी टाकायचं. चावण्यापर्यंत गेलं असेल तर वही बाजूला ठेवा, व्हेटला दाखवा, चांगला ट्रेनर गाठा. पण गुरगुरण्याच्या नोंदीत उजवीकडे त्या क्षणी मनात काय आलं ते लिहाच. मी लिहिलं होतं, "एवढं करून माझ्यावरच?" आणि लिहिताना लक्षात आलं की हे वाक्य मी माणसांनाही ऐकवत आलेय, तेही वर्षानुवर्षं.

तीन महिन्यांनी वही काढा आणि डावी बाजू हाताने झाकून फक्त उजवी वाचा. कुठले शब्द परत परत येतायत, कुठल्या वेळेला, तेवढंच बघायचं. माझ्याकडे "घाई" निघालं. एकटं राहायची सवय लावताना दाराबाहेर दहा सेकंद, मग वीस, असं हळूहळू वाढवायचं असतं, मी थेट पाच मिनिटं गेले आणि परत दहा सेकंदांपासून सुरुवात करावी लागली, एकदा नाही तीनदा. घाई अजून आहे, सुधारले वगैरे म्हणणार नाही, फक्त आता ती येताना दिसते.

आणि वाईट दिवसांची पानं वाचून स्वतःला झोडपत बसू नका, फाडूही नका. पुढे तुलना करायला तीच लागतात.

माझी कालची नोंद. डावीकडे, "पायाशी झोपली. मधे एक कान हलला, डोळे उघडले नाहीत." उजवीकडे, "फोन, चाळीस मिनिटं. आवाज चढला, एकदाच."