सावरीच्या कापसाची उशी : या चुका टाळा

सावरीची उशी वर्षभरात चपटी झाली, तिच्यात गोळे झाले, वास यायला लागला, की दोष कापसाला दिला जातो. बहुतेक वेळा कापूस चांगलाच असतो. आपण त्याला शेतातल्या कापसासारखं वागवलेलं असतं. सावरीचं झाड काटेसावर असो की पांढरी सावर, त्याच्या बोंडातला तंतू म्हणजे एक पोकळ नळी. आकारमानाचा सुमारे ८० टक्के भाग नुसती हवा, आणि वरून मेणचट थर. म्हणून हा तंतू पाणी झिडकारतो, पण तेल ओढून घेतो, स्वतःच्या वजनाच्या तीसेक पट.

पहिली चूक अर्थातच उशी धुण्याची. साबणाने मेण निघतं, पिळताना नळ्या दबतात, आणि एकदा दबलेली नळी पुन्हा फुगत नाही. शिवाय आतला लगदा वाळता वाळत नाही. अभ्रा धुवा, उशीला फक्त ऊन दाखवा आणि हाताने थोपटून मोकळी करा.

तेलाची चूक मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय. ते तेल अभ्र्यातून आत झिरपतं, हवेची जागा घेतं, आणि उशी जड, चिकट होते. दुसऱ्या महायुद्धात नाविकांच्या तरंगत्या जाकिटांत जावा बेटावरच्या पांढऱ्या सावरीचा कापूस भरत. इंधनतेलात भिजला की तोही तरंगायचं सोडून द्यायचा. १९४२ मध्ये जावा जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेत त्याच जाकिटांसाठी शाळकरी मुलांनी रुईच्या कुळातल्या एका रानझाडाची बोंडं गोळा केली, कारण दुसरा इतका हलका तंतू हाताशी नव्हता. इतक्या मोलाची वस्तू तेलापायी वाया घालवू नका. आत गादीपाटाची, म्हणजे गादीच्या घट्ट विणीच्या कापडाची खोळ, तिच्यावर जाड अभ्रा, आणि तेल लावलेल्या रात्री वर एक जुना टॉवेल.

पिंजायच्या यंत्रात हा कापूस देऊ नका. तंतू आखूड, गुळगुळीत आणि ठिसूळ, त्याचा भुगा होतो. गरजही नसते. इथे तंतू बीला चिकटून वाढत नाहीत, बोंडाच्या भिंतीला वाढतात. मच्छरदाणीखाली काठीने घुसळलं की बिया आपोआप तळाशी जातात. त्या मात्र एकूण एक काढा. बी तेलकट असतं, उंदीर आणि किडे त्यावर येतात. काम करताना नाकातोंडाला फडकं बांधाच.

बोंडं चैत्र-वैशाखात तपकिरी झाली की उकलण्याआधीच उतरवा. वळवाच्या सरीत भिजून खाली पडलेला कापूस कितीही वाळवला तरी कुबट राहतो.

सैल विणीच्या कापडातून तंतू बाहेर येतात, म्हणून गादीपाटच घ्या आणि दुहेरी शिवण मारा. साध्या कापसाच्या वजनाचा हिशेब लावू नका. तेवढ्याच किलोत ही उशी दगडासारखी ठासली जाईल. हाताने दाबून पाहत भरा, पण थोडी टम्मच ठेवा, कारण काही आठवड्यांत ती बसते.

जखमेवर हा कापूस लावू नये, तो रक्त शोषत नाही. आणि तो भपकन पेटतो. भरण्याचं काम चाललेल्या खोलीत उदबत्ती, डासांची अगरबत्ती, निरांजन काही नको.