पिंजऱ्यातल्या प्राण्याचा फोटो काढताय? आधी कॅप्शनचं ठरवा

जाळीतून फोटो काढणं फार अवघड नाही. कठडा न ओलांडता लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ न्या, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा, लांब फोकल लेंग्थ घ्या, म्हणजे झूम वाढवा, आणि प्राणी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबा; जाळी धूसर होऊन दिसेनाशी होते. जाळीवर ऊन असेल तर फोटो पांढरट येतो, तेव्हा सावलीतली जागा शोधा. जाळीऐवजी काच असेल तर तिला लेन्सचं रबरी हूड (पुढची कड) टेकवा, फ्लॅश बंद. एवढ्यासाठी कोर्सला पैसे घालवू नका.

खरा घोळ जाळी गायब झाल्यावर सुरू होतो. फोटो जंगलातला वाटायला लागतो. आपण खाली नुसतं 'वाघ' लिहितो, म्हणजे खोटं काहीच नाही. मग कुणीतरी विचारतं, "कुठल्या जंगलात दिसला?" तेव्हा गप्प बसावंसं वाटतं. मला अजूनही वाटतं! पण ते गप्प बसणं म्हणजे सरळ फसवणूक. 'बंदिस्त प्राणी' हे पहिल्याच ओळीत लिहा, हॅशटॅगच्या ढिगात नको. फोटो पुढे फिरताना कॅप्शन गळतं, म्हणून मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत भरा. तोही बऱ्याच ठिकाणी पुसला जातो, म्हणून फाइलच्या नावातही घाला. आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदींची वेबसाइट) टाकत असाल तर बंदिस्त असल्याची खूण कराच.

2009 मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेचा मुख्य पुरस्कार फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला. लांडगा माणसाळवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं आणि 2010 मध्ये पुरस्कार काढून घेतला गेला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता.

बंदिस्त प्राण्यांचे फोटो काढण्यात कमीपणा मात्र अजिबात नाही. प्रकाश, नजर, हालचाल यांचा सराव इथे निवांत होतो, आणि त्यासाठी कुणाचं घरटं विस्कटावं लागत नाही. फक्त शॉर्टकट शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. पानाची छत्री धरलेला बेडूक बहुतेक वेळा तिथे बसवलेला असतो. ज्या गुरूच्या शिबिरात बेडूक डब्यातून बाहेर येतो, तिथून उठून या.

उलटी लबाडीही असते. नीट ठेवलेला, आरामात पहुडलेला प्राणी मुद्दाम गजांमागे धरला की तो दुःखी दिसतो. याउलट त्याच त्या वाटेवर सतत येरझारा घालणारं अस्वल खरोखर तणावात असू शकतं, पण एका फोटोत ते ऐटीत चालल्यासारखं दिसतं. अशा वेळी बराच वेळ पाहत थांबा, व्हिडिओ घ्या, जमिनीवर झिजलेली वाट फ्रेममध्ये येऊ द्या, आणि किती वेळ पाहिलंत तेही कॅप्शनमध्ये लिहा.