वाटपाचा दावा वकिलाविना लढवताना या चुका टाळा

समन्स नाकारले की दावा पुढे सरकत नाही, अशी समजूत तालुक्याच्या न्यायालयांत अजूनही टिकून आहे. वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटपाच्या दाव्यात एका धाकट्या भावाने बेलिफाला, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला, अंगणातूनच परत पाठवले. बेलिफाने समन्स दाराला चिकटवून पंचांच्या सह्यांनिशी अहवाल दिला, न्यायालयाने बजावणी पुरेशी मानली आणि दावा एकतर्फा, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत, चालला. राहते घर आपल्या पगारातून बांधल्याचे पुरावे त्याच्या पेटीतच राहिले आणि प्राथमिक हुकूमनाम्यात, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवणाऱ्या निकालात, त्या घराचेही हिस्से पडले. मग ‘माझे ऐकूनच घेतले नाही’ म्हणून त्याने अर्ज केला. परंतु ज्याला तारीख ठाऊक होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळही होता, त्याला केवळ बजावणीतील अनियमिततेवर बोट ठेवून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करून मिळत नाही. अर्ज फेटाळला गेला.

म्हणून समन्स घ्यावे आणि सही करताना तारीखही लिहावी, कारण कैफियतीचे, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचे, 30 दिवस तेव्हापासून मोजले जातात. मुदत 90 दिवसांपर्यंत वाढू शकते, पण त्यासाठी कारणासह लेखी अर्ज लागतो. एकतर्फा आदेश झालाच, तरी रुसून घरी बसू नये. असा पक्षकारही पुढच्या तारखेपासून कामकाजात भाग घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने संग्राम सिंग प्रकरणात 1955 मध्येच सांगितले आहे.

मोबाइलवर सापडलेला कैफियतीचा आयता नमुना वापरणाऱ्या घाईबाजांविषयी मला फारशी सहानुभूती नाही. ‘सर्व मजकूर खोटा व नाकबूल’ एवढ्यावर भागत नाही. जे विधान नेमकेपणाने नाकारले नाही, ते कबूल धरले जाऊ शकते. मी दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पेन्सिलीने उत्तर लिहितो आणि त्यावरूनच कैफियत उतरवतो.

बहिणींना दाव्यातून वगळू नये. वाटपात सर्व सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असतात, आणि ‘लग्नात दिले’ हा काही नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा पर्याय नव्हे.

सातबाऱ्यावरील नाव म्हणजे मालकी नव्हे.

न्यायाधीशांना दालनात भेटून किंवा पत्र लिहून बाजू मांडू नये. समोरच्याच्या पाठीमागे सांगितलेले ऐकणे त्यांनाही वर्ज्य आहे. जे सांगायचे ते अर्जात लिहावे, प्रत समोरच्याला द्यावी, आपल्या प्रतीवर पोच घ्यावी आणि तारीख संपल्यावर रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, वाचूनच न्यायालयाबाहेर पडावे.