फॉइल कार्ड महागडं आहे का? पोकेमॉनवाल्यांनो, या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. माळ्यावरून जुना अल्बम खाली येतो, त्यात पोकेमॉन या जपानी खेळाची कार्डं निघतात आणि त्यातलं एखादं चमकत असतं, म्हणजे फॉइलचा थर असलेलं. फोटोखाली ठरलेला प्रश्न: "काका, याचे किती येतील?" बरीच वर्षं मी ही कार्डं जमवतोय, दुसऱ्यांची तपासूनही देतोय. त्याच त्या चुकांपायी चांगली कार्डं मातीमोल झालेली बघून जीव तुटतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

"खाली १९९५ लिहिलंय!"

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत १९९५, ९६, ९८ असे आकडे असतात. ते वाचून लोक ठरवून मोकळे होतात की कार्ड १९९५ चं. अहो, पोकेमॉनची पहिली कार्डंच मुळी ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानात आली. इंग्रजी कार्डं विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत आणली. ते आकडे कॉपीराइटचे आहेत आणि पुढच्या कितीतरी कार्डांवर तसेच छापले गेले. ओळ शेवटपर्यंत वाचा. कामाचं असतं ते शेवटचं वर्ष.

सगळ्यात जास्त घोळ चारिझार्ड या पोकेमॉनच्या कार्डाचा होतो. १९९९ च्या बेस सेटमधलं, म्हणजे पहिल्या इंग्रजी संचातलं, चारिझार्ड ४/१०२, म्हणजे १०२ पैकी चौथं कार्ड. बेस सेट २ मधलं ४/१३०, ते २००० सालचं. २०१६ मध्ये इव्होल्यूशन्स नावाचा सेट आला, त्यात जुन्या कार्डांसारखीच मांडणी मुद्दाम ठेवली होती. त्यातलं चारिझार्ड ११/१०८. मला येणाऱ्या "जुन्या" चारिझार्डांपैकी बरीचशी हीच असतात. २०२१ च्या सेलिब्रेशन्स सेटमध्ये तर ४/१०२ हा नंबरसुद्धा तसाच ठेवून कार्ड पुन्हा छापलं, फक्त त्यावर २५ व्या वाढदिवसाचं छोटं चिन्ह आहे. म्हणजे नुसत्या नंबरावरही विसंबू नका.

माझी सवय सांगतो. आधी नंबर, मग वर्ष, मग चित्राच्या चौकटीखालची उजवी बाजू. पहिल्या इंग्रजी बेस सेटला सेटचं चिन्हच नाही, तिथे काही छापलेलं दिसलं तर तो सेट दुसरा. त्यानंतर डाव्या बाजूला बघायचं. तिथे १ आकड्याचा काळा शिक्का असेल तर फर्स्ट एडिशन, म्हणजे पहिल्या छपाईतलं. शिक्का नाही आणि चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर शॅडोलेस. सावली असेल तर अनलिमिटेड, म्हणजे भरपूर छापलेलं. मार्च २०२२ मध्ये ४,२०,००० डॉलरला गेलेलं चारिझार्ड फर्स्ट एडिशन होतं, शिवाय पीएसए या ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीने, त्याला १० पैकी १० दिले होते. बातमी त्याची होते. आपल्या माळ्यावर निघतं ते बहुतेक अनलिमिटेड, तेही कोपरे झिजलेलं.

पुसू नका. इस्त्री तर नकोच नको.

पुण्यातलं एक कुटुंब २००१ मध्ये न्यू जर्सीहून परत आलं, त्यांच्यासोबत मुलाचा अल्बमही आला. मुलगा आता तिशी ओलांडलेला. दोन वर्षांपूर्वी त्याने मला ब्लास्टॉइस या पोकेमॉनच्या कार्डाचा फोटो पाठवला, २/१०२, होलो (चित्राची जागा चमकणारं), अनलिमिटेड. कोपरे टोकदार, मागची निळी कड जवळजवळ शाबूत. एवढ्या वर्षांनी असं कार्ड क्वचित बघायला मिळतं. मी लिहिलं, "प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून ठेव, रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस."

रविवारी गेलो. त्याने मधल्या काळात चष्मा पुसायचं लिक्विड कापसावर घेऊन कार्ड पुसलं होतं, फोटो छान यावा म्हणून. कार्ड जरा वाकलं होतं, म्हणून पंच्यात गुंडाळून वरून इस्त्रीही फिरवली होती.

मी ते खिडकीशी नेलं आणि तिरकं धरलं. या कार्डांत चित्रामागे चांदण्यांची नक्षी असते, कार्ड हलवलं की त्या एकीमागून एक पेटत जातात. इथे डाव्या बाजूला नखाएवढ्या जागेत त्या पेटतच नव्हत्या. तिथे दुधाळ डाग होता आणि त्याच्याभोवती कापूस फिरला तसे गोल गोल बारीक चरे. खालची कड फुगून कागदाचे थर सुटायला लागले होते. माळ्यावर वीस वर्षांत जे झालं नाही, ते दहा मिनिटांत झालं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

कार्ड वाकतं का, तेही समजून घ्या. फॉइलचा थर दमट हवेतली ओल शोषत नाही, मागचा कागद शोषतो आणि पसरतो. म्हणून मुंबईत, कोकणात पावसाळ्यात फॉइल कार्डाच्या कडा पुढच्या बाजूला वळतात. हा रोग हवेचा आहे, त्यावर उष्णता हा उपाय नव्हे. मी कार्ड स्लीव्हमध्ये घालतो, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो, आठवड्याने बघतो. बऱ्याचदा बाक कमी होतो. पुड्या मात्र भाराभर घालू नका, फार कोरडं झालं की कार्ड उलट्या बाजूला वळतं. आठवडाभर थांबवत नसेल, तर या छंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि धूळ? ती फुंकून उडेल तेवढीच उडवा.

मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे

ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर कुणीही कितीही आकडा टाकू शकतो. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, हुबेहूब तेच कार्ड, तीच अवस्था, आणि शेवटचे सात-आठ सौदे बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. डॉलरमधला आकडा थेट रुपयात आणून खुश होऊ नका, तो भाव अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा आहे. टपाल, कस्टम्स आणि विक्रीचं कमिशन वजा करून हातात काय उरतं ते बघा.

सोनेरी कार्डं

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात डब्यात मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं नकली असतात. सगळीच्या सगळी. मुलांना खेळू द्या, पण भाव विचारू नका. खऱ्याखुऱ्या सोन्याचा मुलामा दिलेली कार्डं १९९९ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने काढली होती, सहा प्रकारची, पण ती इतकी खपली की आजही स्वस्तात मिळतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चित्र सोडून बाकी कार्ड चमकत असेल तर ते रिव्हर्स होलो. २००२ पासून साधी, गोल खुणेची कार्डंही अशी चमकतात, त्यामुळे खालची खूण बघितल्याशिवाय हरखू नका. गोल म्हणजे कॉमन, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर.

नंबर सेटच्या एकूण आकड्यापेक्षा मोठा असेल, जसं चॅम्पियन्स पाथमधलं ०७४/०७३, तर ते सीक्रेट रेअर. असं कार्ड बाजूला काढून नीट तपासा. नव्या काळातल्या अशा महागड्या कार्डांच्या पृष्ठभागावर बहुधा बारीक कोरीव रेषा असतात, तिरक्या उजेडात त्या दिसतात. नकली कार्ड बहुधा गुळगुळीत असतं.

खरं-खोटं बघायला कार्ड फाडून आतला काळा थर शोधू नका! व्हिडिओ बघून एका मुलाने खरं कार्ड फाडलेलं मी पाहिलंय. मोबाइलचा टॉर्च मागे धरा आणि शेजारी त्याच काळातलं एक खात्रीचं साधं कार्ड धरून तुलना करा.

ग्रेडिंगला पाठवायची घाई नको. खर्च परवडतो तो कार्ड स्वच्छ, मधोमध छापलेलं आणि बिनचऱ्याचं असेल तरच.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर सकाळच्या उजेडात, खिडकीशी, काळ्या कापडावर ठेवून काढा. एक पुढून, एक मागून, एक तिरकं धरून, आणि एक तळाच्या त्या बारीक ओळीचा जवळून. ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढलेल्या फोटोवरून मी भाव सांगत नाही.