शनिवार-रविवारच्या रायफल कोर्सला जाताना

मी नाशिकच्या सातपूरला एका टूलरूममध्ये कामाला. वय सत्तेचाळीस, चाळिशीचा चष्मा, कंबर अधूनमधून बोलते. मुलगी नववीत आहे, तिच्या हट्टापायी गेल्या डिसेंबरात गंगापूर रोडकडच्या एका रेंजवर दोन दिवसांच्या एअर रायफल कोर्सला तिचं नाव घातलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, तुमचं पण लिहू?" आणि तोंडातून हो निघून गेलं. तेव्हापासून कंपनीतले दोघे आणि सोसायटीतले तिघे विचारून झाले की जायचं तर काय करावं लागतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली शंका सगळ्यांची एकच, लायसन्स लागतं का? ०.१७७ इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलला लागतो, पण दोन दिवसांच्या कोर्सात तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकाची सही, एवढ्यावर आमचं काम झालं.

पैसे भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. एका कोचच्या वाट्याला किती जण येतात? चार-पाचाच्या वर असतील तर पुढची बॅच घ्या, कारण पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी कोणीतरी उभं असावंच लागतं. दुसरं, रायफल पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी आहे की स्प्रिंगची? पीसीपीच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरलेली असते, गोळी सुटताना धक्का जवळपास नसतो. स्प्रिंगवालीत पिस्टन धावतो, रायफल हातात उडते, आणि नवख्याला कळत नाही की चुकलं कोण, आपण की ती. घरात डावखुरं कोणी असेल तर तेही तेव्हाच सांगून ठेवा.

आणि घरीच डोळा तपासून जा. दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करा, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसत राहतं तो तुमचा नेमाचा डोळा. माझी मुलगी उजव्या हाताची, पण डोळा डावा निघाला. अशा वेळी डाव्या खांद्याला रायफल लावून शिकायचं की डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजवीकडूनच चालू ठेवायचं, हे कोच ठरवतो. तिला पट्टी दिली. दुसरा डोळा मिटून ठेवू नका, पाच मिनिटांत चेहरा आखडतो. पट्टी सगळ्यांनाच बरी.

माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तो घरी ठेवा. काचेचा योग्य भाग सापडेपर्यंत मान वरखाली होते आणि गाल रायफलीवरून उठतो. नुसत्या लांबच्या नंबरचा जुना चष्मा कपाटात असेल तर तो न्या. बूट सपाट, कडक तळाचे हवेत. पळायच्या बुटांचा तळ गादीसारखा असतो, त्यावर माणूस डुलतो. मी कंपनीचे सेफ्टी शूज घालून गेलो होतो. पोरं हसली, पण कोच मॅडम म्हणाल्या, "राहू देत, चांगले आहेत." आत पातळ, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, कारण वरून कॅनव्हासचं जाड जॅकेट चढवतात. ते रेंजचंच मिळतं, दहा जणांनी घामेजलेलं असतं. त्याला इलाज नाही.

आता मिसळ. नाशिकचा माणूस रविवारी सकाळी मिसळ खाणार हे मला मान्य आहे, मीही खाल्ली. तर्री दोनदा घेतली आणि वर कडक चहा. नऊ वाजता रायफल उचलली तर छातीतला प्रत्येक ठोका पुढच्या साईटमध्ये, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या रिंगेत, दिसत होता. साईट उडते, थांबते, उडते. शिवाय तासाभरात तीनदा पाणी प्यायला लेन सोडली. पोहे खा, केळं खा, चहा अर्धा घ्या. मिसळ दुपारी कुठे पळून जात नाही. फक्त जेवणाआधी हात साबणानं धुवा. पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्या, शिशाचे असतात, ते हाताळलेल्या बोटांनी पापड मोडू नये. आणि सोय म्हणून पेलेट ओठांत धरायची सवय तर मुळीच लावून घेऊ नका.

शनिवारचे पहिले दीड-दोन तास एकही गोळी मारू देत नाहीत. कंटाळू नका. नळी कायम टार्गेटकडे. रायफल रिकामी आहे हे माहीत असलं तरी भरलेली समजायची. मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर. खाली ठेवताना बोल्ट उघडा आणि नळीतून रंगीत दोरी ओवलेली, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही. कोणी टार्गेटचं कार्ड बदलायला पुढे गेलं असेल तर मागे कोणीही रायफलीला हात लावायचा नाही. 'स्टॉप' ऐकलं की स्टॉप, नेम कितीही जमलेला असो. पॉवर प्रेसवर काम केलेल्याला हे सगळं लगेच पटतं. आमच्या बॅचमधल्या एका कॉलेजकुमाराला पटलं नाही, त्याला जेवणापर्यंत मागच्या बाकावर बसवलं.

मग उभं राहणं. दहा मीटर एअर रायफल उभ्यानंच मारतात, स्पर्धेत रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, क्लबच्या रायफली थोड्या हलक्या. पहिल्या पंधरा मिनिटांत माझा डावा दंड भरून आला, कारण मी ती हातानं उचलून धरत होतो. हातानं धरायचीच नाही. डावी कूस टार्गेटकडे करायची, पाय खांद्याएवढे फाकवायचे, कंबर थोडी टार्गेटच्या बाजूला ढकलायची आणि डावं कोपर बरगडीखाली, नितंबाच्या हाडावर टेकवायचं. रायफलीचं वजन मुठीतून कोपरात, कोपरातून हाडात आणि तिथून सरळ जमिनीत गेलं पाहिजे. मुळात हा जॅकचा प्रकार आहे. जॅक सरळ उभा असेल तर दमत नाही.

उभं राहिल्यावर डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट टार्गेटच्या शेजारी गेलेली दिसली तर हातानं ओढून आणू नका, पाऊल सरकवा. मी शनिवारी हे केलं नाही. ओढून धरलं, दमलो, हात ढिला पडला आणि माझी गोळी शेजारच्या लेनवरच्या आजोबांच्या कार्डात. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, "राहू द्या, नऊ आहे, मी ठेवून घेतो."

नेम म्हणजे गोलात गोल. मागच्या साईटच्या बारीक भोकातून बघायचं, त्यात पुढच्या साईटची रिंग मधोमध आणि रिंगेत टार्गेटचा काळा ठिपका मधोमध. नजर पुढच्या रिंगेवर. काळं थोडं धूसर दिसलं तरी चालतं. का, ते मी जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडून पाहिलं. दोन साईटमधलं अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर धरलं, तर रिंग ०.२ मिलिमीटरनं बाजूला गेली की दहा मीटरवर गोळी अडीच मिलिमीटर सरकते. टार्गेटवर एका गुणाचं अंतर नेमकं अडीच मिलिमीटर. दहाचा ठिपका तर फक्त अर्धा मिलिमीटरचा, पेलेटची कड त्याला शिवली की दहा. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, ०.२० मिलिमीटरची पात डोळ्यासमोर आणा, तेवढ्यात दहाचे नऊ होतात.

ट्रिगर दाबायची दोन टप्प्यांत. पहिला टप्पा सैल, दुसऱ्याला बोट अडतं. तिथे थांबून अर्धा श्वास सोडा आणि हळूहळू दाब वाढवत जा, गोळी आपोआप सुटली पाहिजे. आठ-दहा सेकंदांत सुटली नाही तर रायफल खाली घ्या. पुरुषांना हे फार जड जातं, मलाही गेलं. नेम लावलाय तर मारूनच टाकू असं वाटतं आणि तीच गोळी सातात जाते. सुटल्यावरही दोन सेकंद साईटमध्ये बघत राहा आणि कार्ड बघण्याआधी स्वतःशी म्हणा, उजवीकडे गेली, खाली गेली. मग कार्ड बघा.

माझी खरी फजिती मागच्या साईटच्या, नेम सरकवायच्या नॉबवर झाली. पहिली गोळी खाली-डावीकडे, मी नॉब फिरवला. दुसरी वर गेली, परत फिरवला. दहा गोळ्यांत कार्ड चाळणी. मॅडमनी येऊन मागच्या साईटवर चक्क मास्किंग टेप लावला. "काका, आज याला हात नाही. पाच गोळ्या एका जागी पडू देत, मग मी फिरवेन." मी गप्प. कारण सीएनसी मशीनवर प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, बदलणाऱ्या ट्रेनी पोरांना मी वीस वर्षं हेच ओरडतोय, आधी पाच पीस काढ, मग माप, मग ऑफसेट.

तेव्हा तुम्हीही पहिल्या दिवशी दहा मोजू नका, ग्रुप बघा. पाच भोकं जवळजवळ पडली पाहिजेत, कुठे का पडेनात. माझी पाच रविवारी अकराच्या सुमारास रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, सगळी डावीकडे खाली, सातात-आठात. टेप निघाला. मागची साईट ज्या बाजूला सरकवावी त्याच बाजूला गोळी जाते. उजवीकडे काही क्लिक (नॉबचा एकेक खाचा), वर काही क्लिक. किती ते मेकप्रमाणे बदलतं, कोचलाच विचारा. पुढच्या पाचात दोन दहा, दोन नऊ, एक आठ. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ आणि क्लिक लिहून घरी आणा.

शेवटच्या तासात वीस गोळ्यांची छोटी मॅच घेतात. मुलगी माझ्यापुढे अकरा गुणांनी. तिला मॅडमनी सांगितलं की २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून नेमबाजीचं ब्राँझ आणणाऱ्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशकातच गिरवले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

लगेच रायफल विकत घेऊ नका. दुकानदार सुचवतील, पोरं मागे लागतील. सहा महिने क्लबची वापरा, घ्यायचाच तर स्वतःच्या मापाचा ग्लोव्ह घ्या. सोमवारी कंबर डाव्या बाजूला धरेल, शेकून घ्या.

मुलगी आता बुधवारी आणि शनिवारी जाते. मी गाडी काढतो, आणि लेन रिकामी असेल तर दहा गोळ्या मारून घेतो.